चार डोळ्यांचा नियम

"थोरवडे, परत टोपीत?" कॅप्टन दिघ्यांनी मागं न बघता विचारलं.

"टोपी काल गेली साहेब. आज मोजा."

"कुठल्या पायातला?"

"डाव्या. उजवा उद्यासाठी राखून ठेवलाय."

ही बोलाचाली जमिनीपासून दोन हजार फुटांवर चालली होती. डिसेंबर एकाहत्तर, सकाळचे साडेनऊ. खाली पंजाबची सपाट काळी-हिरवी रानं, मधे वाळूतून वाहणारी नदी, नदीपलीकडं शत्रू. आणि वर आम्ही दोघं. विमान म्हणायचं म्हणून विमान. पत्र्याच्या ट्रंकेला पंख लावावेत आणि पुढं टेबलफॅन बसवावा, तसला प्रकार. उताराच्या रस्त्यावर एखादी सायकल त्याला मागं टाकून गेली असती.

आमचं स्क्वॉड्रन म्हणजे तोफखान्याचे डोळे. तोफ आंधळी असते. सात-आठ मैलांवर गोळा फेकते, पण तो शत्रूच्या डोक्यात पडला की कुणाच्या वाटाण्यात, हे तिला कळत नाही. ते आम्ही वरून बघायचं आणि वायरलेसवर सांगायचं. डावीकडं दोनशे, पुढं चारशे, आता बरोबर. आमच्या विमानात बंदूक नाही, बॉम्ब नाही. वैमानिकसुद्धा वायुदलाचा नव्हे, तोफखान्याचाच अधिकारी. त्याच्या पाठीला पाठ लावून उलटं तोंड करून एक जवान बसवायचा. शत्रूचं जेट मागून आलं तर त्यानं बोंब मारायची. तो बोंब मारणारा मी. लान्स नायक केरबा आबाजी थोरवडे, मुक्काम शिंगणवाडी, तालुका कऱ्हाड.

आता उलटं तोंड करून बसल्यावर माणसाचं काय होतं, ते एस.टी.त ड्रायव्हरच्या मागच्या उलट्या बाकावर बसलेल्या कुणालाही विचारा. पहिल्या दिवशी पाण्याच्या बाटलीची खोळ, दुसऱ्या दिवशी टोपी. गावात सोसायटीच्या ओट्यावर मी ही गोष्ट निराळी सांगतो. मी वरून ओकलो ते थेट शत्रूच्या ब्रिगेडियरच्या नाष्ट्यात पडलं, त्यांनी विषारी हल्ला झाला म्हणून तक्रार केली, आणि मग दोन दिवस लढाई थांबली. लोक हसतात, चहा सांगतात. आज मात्र तसली नाही सांगणार. निदान तसा विचार आहे.

तर त्या दिवशी आमच्यावर वेळ आली होती. नदीच्या उताराजवळ आमचे लोक पूल टाकत होते, आणि पलीकडच्या झाडीतून शत्रूच्या तोफा रोज त्यावर गोळे टाकत होत्या. तीन दिवसांत पूल दोनदा मोडला, अकरा माणसं गेली. दुसऱ्या दिवशी पायदळ त्या पुलावरून पलीकडं जायचं होतं. त्याआधी त्या तोफा हुडकायच्या, हे काम दिघेसाहेबांचं.

आणि दिघेसाहेबांचे ग्रह काही बरे नव्हते. आठ दिवसांपूर्वी त्यांनी एक धुराडं बघून तोफा, तोफा म्हणून कळवलं. आपल्या तोफांनी साठ गोळे टाकले. नंतर कळलं ती वीटभट्टी. आमचे मेजर भुल्लर म्हणजे उभा आडवा माणूस. त्यांनी साहेबांना सगळ्यांच्या देखत जे सुनावलं ते मी शिव्या गाळून मराठीत सांगतो: "दिघे, तुझ्या ठाण्यात विटा स्वस्त असतील. इथं नाहीत."

त्यावर त्यांनी नियम काढला. एकट्या वैमानिकाच्या सांगण्यावर तोफा सुटणार नाहीत. मागं बसलेल्यानं दुर्बिणीतून बघून हो म्हणायचं, मगच. खाली उतरल्यावर कागदावर दोघांच्या सह्या. चार डोळ्यांचा नियम असं आम्ही त्याला म्हणायचो. त्या सकाळी निघताना मेजरनी साहेबांना एवढंच सांगितलं, "आज सापडल्या नाहीत, तर उद्यापासून हे विमान दुसरा उडवील. तू गोळ्यांच्या गाड्या हाक." आणि माझ्याकडं बोट करून म्हणाले, "हा सापडेपर्यंत वर राहील. सापडल्या की खाली."

साहेबांचा चेहरा पडला. उडण्यापलीकडं त्या माणसाला दुसरं काही नव्हतं. अठ्ठावीस वर्षांचा, सडपातळ, वडील शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. विमानात चढताना पंखावर असा हात ठेवायचा, जसं आमच्याकडं बैलाच्या वशिंडावर ठेवतात.

"थोरवडे," ते आता म्हणाले, "दोन वाजता धुराच्या रेघेखाली काय आहे बघ. उजव्या पंखाकडं."

घड्याळाच्या काट्यांनी दिशा सांगायची आमची रीत. मी मोज्याला गाठ मारली, वळलो, दुर्बीण लावली. नदीपलीकडं दीड-दोन मैलांवर उसाचा फड, फडाच्या कडेला आंब्याची चार झाडं. झाडांच्या आडून धूर.

"गोल खड्डा दिसतोय का?" साहेबांचा आवाज घट्ट झाला होता. "मला गोल दिसतंय. तोफेची जागा अशीच गोल खणतात."

"गोल आहे साहेब."

"मधे काही लांब? नळी?"

"मधे लांब दांडा आहे. फिरतोय."

"फिरतोय म्हणजे नेम बदलतायत. माणसं?"

"सात-आठ. भोवतीनं पांढरं काहीतरी अंथरलंय."

"जाळी. वरून दिसू नये म्हणून." साहेबांनी विमान थोडं तिरकं केलं. माझं पोट त्याच दिशेनं तिरकं झालं. "गावं सगळी रिकामी झालीत. मग इथं सात-आठ माणसं काय करतायत? थोरवडे, नीट बघ. वीटभट्टी नाही ना?"

"वीटभट्टी नाही साहेब. छातीवर हात ठेवून सांगतो."

"मग?"

विमानानं गोता खाल्ला. तोंडात आंबट आलं. मोजा भरलेला. पेट्रोलच्या काट्याप्रमाणं अजून एक तास वीस मिनिटं वर राहता येत होतं.

"तोफच साहेब," मी म्हणालो.

साहेबांनी वायरलेसवर आकडे सांगितले. लांब मागं आपली एक तोफ बोलली. पहिला गोळा फडात पडला, उसाचा भला मोठा पाचोळा उडाला. साहेब म्हणाले, डावीकडं दोनशे, मागं शंभर. दुसरा आंब्याच्या पलीकडं. पण गोळा पडताच तिथली माणसं फडात पळाली. मी दुर्बिणीतून मोजली. आठच्या आठ गेली. जागा रिकामी झाली.

"पळाले सगळे," मी सांगितलं.

"पळू देत. तोफा राहिल्यात ना? त्याच हव्यात." साहेब हसत होते. आठ दिवसांनी पहिल्यांदा. "डावीकडं पन्नास. पुढच्याला बसणार बघ."

तेवढ्यात फडातून एक माणूस बाहेर आला. पागोटं सुटलेलं, एका हातानं ते धरलेलं. वाकून पळत परत तिकडंच निघाला. माझ्या तोंडून निघून गेलं, "आरं, परत आला!"

"कोण परत आला?"

मी दुर्बिणीची काच पुसली.

"थोरवडे! कोण परत आला?"

"त्यांचा गोलंदाज साहेब," मी म्हणालो. "तोफ सोडून जाईना."

 तोफखान्यात तोफ म्हणजे पलटणीचा झेंडा असतो, देव असतो. तोफ सोडून पळणारा गोलंदाज तोंड दाखवू शकत नाही. साहेबांनी, खरं सांगतो, दोन बोटं कपाळाला लावली. शत्रूला सलाम केला. मग वायरलेस तोंडाजवळ धरला आणि म्हणाले, "फायर फॉर इफेक्ट." म्हणजे नेम बसला, आता सगळ्या तोफा एकदम.

सहा तोफांचे चोवीस गोळे. धूळ खाली बसली तेव्हा आंब्याची झाडंही नव्हती.

आम्ही उतरलो. मेजर भुल्लर स्वतः विमानापाशी आले, साहेबांना मिठी मारली, माझ्या हातातला मोजा बघून दोन पावलं मागं सरकले. कागद आला. दिघेसाहेबांनी सही केली. मी सही केली. परत आलेल्या गोलंदाजाची हकीकत साहेबांनी सगळ्यांना सांगितली, आणि मग सगळ्यांनी मला सांगायला लावली. मी सांगितली. दुसऱ्यांदा सांगताना त्याच्या दंडातून रक्त वाहत होतं. चौथ्यांदा सांगताना तो काहीतरी ओरडत होता. मी ऐकलं म्हणालो. दोन हजार फुटांवरून, इंजिन चालू असताना! एकाही माणसानं हरकत घेतली नाही.

दुपारी चहाच्या वेळेला पुलावर पुन्हा गोळे पडले. तेवढेच, त्याच झाडीतून.

"दुसऱ्या आणल्या असतील," मेजर म्हणाले.

"हो सर," साहेब म्हणाले. माझ्याकडं न बघता.

पायदळ दुसऱ्या दिवशी तसंच गेलं. शत्रूच्या खऱ्या तोफा तिसऱ्या दिवशी दुसऱ्या एका वैमानिकाला सापडल्या, पलीकडच्याच झाडीत, उताराच्या उत्तरेला दोन मैलांवर. तोवर पुलावर किती माणसं गेली ते मला माहीत आहे. इथं लिहीत नाही.

पाचव्या दिवशी तो भाग आपल्या ताब्यात आला. साहेब म्हणाले, "चल, आपली तोफ बघून येऊ." जीपमधून गेलो. गावाचं नाव चक नाथू. घरं बंद, एक कुत्रं. फडाच्या कडेला आपल्या पायदळाचे पाच-सहा जवान चहा करत बसले होते.

आता गोष्ट सरळ करतो. तिथं काय असेल ते जीपमध्ये बसतानाच मला माहीत होतं. दुर्बीण लावल्यावर पहिल्या क्षणाला माहीत झालं होतं. माझा बाप आबाजी थोरवडे चाळीस वर्षं गुळव्या होता. आमच्या भागात त्याच्या हातचा गूळ नावानं विकला जायचा. मी गुऱ्हाळावरच वाढलो. बैल फिरून फिरून पडलेला गोल पट्टा, चरकाचा लांब दांडा, भोवती वाळायला अंथरलेली पांढरी चिपाडं, चुलवाणाचा तो बसका पिवळट धूर, हे मला कळणार नाही तर कुणाला? मला बैलसुद्धा दिसत होते. दोन. त्यातला एक बांडा, काळा-पांढरा होता. साहेबांनी विचारलं, वीटभट्टी नाही ना? मी म्हणालो नाही. ते खरं होतं. सगळं मी खरंच सांगितलं होतं, शेवटचा एक शब्द सोडून.

तो का बोललो? पंचावन्न वर्षं मी त्याला नाना कारणं लावून बघितली. साहेबांचं विमान जाऊ नये म्हणून. अकरा माणसं गेली होती त्या रागानं. ओट्यावर सांगायला बरी आहेत. मला खाली उतरायचं होतं. मळमळत होतं. सापडल्या की खाली, असं मेजर म्हणाले होते. एवढंच. एका मोज्यात मावलं नाही म्हणून.

मी मनाची समजूतही घातली होती. रिकामं गुऱ्हाळ फुटेल, चरक मोडेल, फार तर बैल जातील. आठच्या आठ माणसं पळाली होती. मोजली होती मी.

आणि तो परत का आला, हेही मला माहीत होतं. काहिलीतला, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईतला, पाक यायला झाला की मागं-पुढं करता येत नाही. त्या घटकेला काहील उतरवली नाही, तर दिवसभराचा रस करपून कोळसा होतो. आमच्या घरात आजा वारला त्या दिवशी काहिलीवर पाक आलेला होता. बापानं तो उतरवला, निववायच्या वाफ्यात ओतला, मग रडायला घरी गेला. गुळव्या जाळात काहील सोडून जात नाही. लढाई चालू असताना गुऱ्हाळ कशाला लावलं म्हणाल, तर ऊस उभा होता म्हणून.

मला एवढंच म्हणायचं होतं, साहेब, थांबा. माझ्याजवळ वेळ होता. त्यांनी दोनदा विचारलं, कोण परत आला.

चक नाथूला दिघेसाहेब जीपमधून उतरले आणि उभे राहिले. चरकाचे लोखंडी रूळ पडले होते. एक बैल तसाच जुवाला. चुलवाणाचं तोंड कोसळलेलं. काहील कलंडलेली, मोठी, आमच्याकडच्या दीडपट. त्यातला पाक बाजूच्या वाफ्यात आणि वाफ्यातून जमिनीवर वाहून घट्ट झाला होता. माणूस नव्हता. शेजारी ताजी माती उकरून भरलेली होती, आणि मातीवर लाकडी दांड्याचा झारा उभा रोवला होता. कुणीतरी परत येऊन तेवढं करून गेलं होतं.

साहेब बराच वेळ त्या झाऱ्याकडं बघत राहिले. ठाण्याच्या माणसानं गुऱ्हाळ कधी बघितलं नसेल, पण काहील बघून लहान पोरालाही कळलं असतं.

मग ते माझ्याकडं वळले. मला वाटलं विचारतील. तुला माहीत होतं का, म्हणून. मी उत्तर तयार ठेवलं होतं. खरं की खोटं, ते आता आठवत नाही.

"थोरवडे," ते म्हणाले, "तोफ इथं होती. नंतर त्यांनी ती ओढून नेली."

मी खाली बघितलं. उसाच्या बैलगाड्यांच्या चाकोऱ्या होत्या.

"होय साहेब," मी म्हणालो. "चाकांच्या खुणा दिसतायत."

"दिसतायत ना?"

"स्पष्ट दिसतायत."

चार डोळे, आणि चारही उघडे.

चहा करणाऱ्या जवानांत एक सातारचाच निघाला. "या की पाव्हणं," तो म्हणाला, "साखर संपली, पण देवानं सोय केलीया बघा." त्यांनी तो जमिनीवर सांडलेला गूळ संगिनीनं फोडला होता. खालची माती खरवडून टाकली होती. एक खडा त्यानं माझ्या हातावर ठेवला. बापाची सवय. गूळ हातात आला की मी आधी चाखतो, मग बघतो.

पाक बरोबर आला होता. रवाळ, ना कच्चा, ना जळका. एक क्षण इकडंतिकडं नाही. त्या माणसानं काहील वेळेवर उतरवली होती.

जमिनीवर ओकलो ती आयुष्यातली पहिली खेप. सातारचा जवान म्हणाला, "लागली वाटतं पाव्हण्याला जीप." दिघेसाहेब पाठ फिरवून उभे होते. त्यांनी चहाचा मग घेतला होता. पीत होते.

पुढं साहेबांना पदक मिळालं. त्यांचं विमान त्यांच्याकडंच राहिलं. मला नायक केलं. साहेब कर्नल होऊन निवृत्त झाले. दर दिवाळीला मला एक कार्ड यायचं, त्यावर फक्त सही. मी कधी उत्तर दिलं नाही. ओट्यावर थापा मारायचं मात्र वाढवलं. एवढ्या मारल्या की आता गावात मी वेळ सांगितली तरी लोक घड्याळ बघतात.

दोन वर्षांखाली फोन आला. स्क्वॉड्रनचा इतिहास छापायचा आहे, जुन्या लोकांच्या आठवणी हव्यात. बोलणारा मेजर तरुण होता, मराठी होता, गोड होता. "काका, त्या परत आलेल्या गोलंदाजाची हकीकत आम्हाला अकादमीत शिकवायचे. तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत म्हणे?"

"दिघेसाहेब काय म्हणतात?"

"सर गेल्या वर्षी गेले. आता तुम्ही एकटेच."

मी खुर्चीतून उठलो. म्हातारी आत भाकरी थापत होती, तिला ऐकू जाऊ नये म्हणून अंगणात गेलो. आणि सांगितलं. गुऱ्हाळ, बांडा बैल, काहील, झारा. चिपाडं सुद्धा सोडली नाहीत. मळमळत होतं तेही सांगितलं. वीस मिनिटं बोललो. आयुष्यात पहिल्यांदा एका वाक्याला दुसरं वाक्य जोडताना मला विचार करावा लागत नव्हता.

पलीकडं मेजर हसत होता. छान, मोकळं हसत होता.

"काका, तुम्ही अगदी तसेच आहात. सरांनी जाण्यापूर्वी चिठ्ठी लिहून ठेवली होती आमच्यासाठी. वाचून दाखवू? 'थोरवडे तुम्हाला दहा तऱ्हांनी सांगेल. अस्सल थापाड्या माणूस. गुऱ्हाळाचीसुद्धा एक सांगेल. त्यानं सही केलेली तेवढी धरा.'"

"अहो, पण ते—"

"सही तुमचीच आहे ना काका?"

"आहे."

पुस्तक टपालानं आलं. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. पान एकशे बारा. 'शत्रूच्या एका अनाम गोलंदाजानं मात्र तोफ सोडली नाही. वीराला शत्रुत्व नसते.' पहिलं वाक्य माझं आहे. दुसरं त्यांनी लावलं.

गावानं सत्कार केला. शाळेच्या पटांगणात मांडव, शाल, नारळ. सरपंचांनी पान एकशे बारा मोठ्यानं वाचून दाखवलं. इतकी वर्षं माझ्या थापांना हसणारी माणसं डोळे पुसत होती. मग आमच्याच भावकीतल्या गुऱ्हाळाची नवी ढेप आणली, लाल फीत बांधून. सरपंचांनी तिचा कोपरा फोडला आणि माझ्या तोंडासमोर धरला.

"तोंड गोड करा नाना. वीराच्या नावानं."

केलं.

"कसा आहे?" त्यांनी विचारलं. सगळा मांडव माझ्याकडं बघत होता.

"पाक जरा पुढं गेलाय," मी म्हणालो.